माश्यांच्या बाई

आमच्या अलिबागच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई ताटावरची माशी हाकलत नसत. आधी वाकून बघत. एका लग्नात माझ्या जिलबीवर माशी बसली, तशी बाई चष्मा कपाळावर सारून मोठ्याने म्हणाल्या, "नर आहे. खायला नाही आला, मादीची वाट बघतोय." त्या पंगतीला पुढे जिलबी फारशी खपली नाही, आणि बाई कायमच्या 'माशीबाई' झाल्या.

रेवदंड्याला बोंबील वाळत घालतात तिथे त्या छत्री उघडून घडीच्या स्टुलावर तासन्‌तास बसत. कुठल्या नराला मादी मिळते, दांडग्याला की चलाखाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात काय बदलतं, हा त्यांचा विषय. येणारेजाणारे विचारत, "बाई, माश्या जायला काही औषध?" बाई म्हणत, "त्या कशा टिकल्या ते विचारा, ते सांगते." ते कुणी विचारत नसे. मी मराठी शिकवायचो. याचा उपयोग काय, असं मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं. "तुमच्या कवितेचा असतो तेवढाच," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यातली चटणी वाढून घेतली.

मग रेवदंडा गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. तपासणी पथकाला एकही माशी दिसता कामा नये, असा सरपंचांचा हुकूम. वाळत्या मासळीवरच औषध फवारायचं ठरलं. शास्त्राचा आशीर्वाद हवा म्हणून बाईंना सभेला बोलावलं, शाल-नारळ दिला. मीही सोबत होतो.

शाल सावरत बाई उभ्या राहिल्या. "मागच्या वर्षीही तुम्ही फवारलंत. कमजोर होत्या त्या मेल्या. ज्या वाचल्या, त्यांची पोरंबाळं आता तुमच्या चहावर बसली आहेत. तुम्ही माश्या मारत नाही, त्यांना तालमीत घालताय."

सरपंच हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने? गावाच्या की माश्यांच्या?"

"सध्या बोंबलांच्या. औषध मारलेले बोंबील आधी तुमच्या घरात शिजवा, मग बाजारात पाठवा."

मागून हौसाबाई उठली. तिथल्या निम्म्या बोंबलांची मालकीण. "बराबर हाय! आमच्या म्हावऱ्याव औषध न्हाय मारायचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचं यंत्र आलं, तर हौसाबाई आणि तिच्या सोबतिणी त्याच्यापुढे पाय पसरून बसल्या होत्या. यंत्र परत गेलं. सरपंच घाबरे झाले; पथक तर येणारच होतं. बाईंनीच उपाय सांगितला, मासळीवर चारही बाजूंनी बारीक जाळी लावा.

जाळी ताणून झाल्यावर हौसाबाईने विचारलं, "बाय, मंग तुमच्या माश्या कुठं जातील?"

"जातील दुसरीकडे. त्यांना पोट आहे."

बाईंनी स्टूल मिटलं. अलिबागला परतताना रिक्षात त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "त्यांच्या पणज्यांपासून ओळख होती हो, सर." त्या लग्नातल्या जिलबीपासून मी त्यांची चेष्टा करत आलो होतो; त्या दिवशी रिक्षाचं भाडं मी दिलं.

पथकाने जाळीचे फोटो काढले. गावाला बक्षीस मिळालं. वेशीवर 'माशीमुक्त गाव' असा फलक लागला, त्यावर सरपंच हात जोडून उभे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बाईंचं नाव, 'माशी-निर्मूलन तज्ज्ञ'. पुढे बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात कॉलेजने त्यांना माश्या मारायची विजेची रॅकेट दिली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "छान आहे," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "कुणासाठी?"

नंतर त्या श्रीवर्धनला भावाच्या सुपारीच्या वाडीत राहायला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो, तर ओटीवर बसल्या होत्या, समोर फुटलेला फणस. डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला होता. माणूस आवाजावरून ओळखत.

"बसा सर. फणसावर काय चाललंय ते सांगा."

"माश्या आहेत."

"ते मलाही ऐकू येतंय. नीट बघा."

मी वाकलो. दोन बारक्या माश्या समोरासमोर होत्या. एकीने पंख पसरले, दुसरीला धडक दिली. मी सांगत गेलो.

"नर आहेत दोन्ही. कोण हटलं?"

"लहान."

"गेला कुठे?"

"मागच्या बाजूला. हरला बिचारा."

"घाई करू नका. मागे जाऊन बघा."

मी ओटीवरून उतरलो, गुडघे टेकून फणसाच्या मागच्या अंगाला वाकलो. दांडगा पुढे पंख फुगवून पहारा देत होता. इकडे लहान्याजवळ मादी येऊन बसली होती.

"बाई," मी म्हणालो, "आहे!"

त्या टाळी वाजवून हसल्या. मी मात्र उठलो नाही. पुढे काय होतंय ते मला बघायचं होतं.