पंतोजींना ऊन लागत नसे

आमच्या पंतोजींइतका उन्हाचा अपमान अख्ख्या पुण्यात कुणी केला नसेल. वैशाखात कसब्यातली कुत्रीसुद्धा हौदाच्या सावलीला जाऊन पडत, तेव्हा हे गृहस्थ डोक्याला दहा हात पागोटं गुंडाळून, अंगात जाड बंडी घालून, पश्चिमेच्या पडवीत आम्हा पोरांना भर दुपारी घोकायला बसवीत. पागोटं उतरवलेले पंतोजी कुणी पाहिले नव्हते. ते त्यातच जन्मले, यावर आमचं एकमत होतं. धूळपाटीवर बोटानं अक्षर काढावं, तर कपाळावरचा घाम टपकून त्याचा चिखल होई. "वा! आता यात भात लावा," पंतोजी म्हणत. पाढे संपेपर्यंत पाणी मागायचं नाही. पाण्यानं पाठांतर पातळ होतं, अशी त्यांची श्रद्धा. खरं तर सकाळी तोंडपाठ असलेलं दुपारी आम्हाला आठवतच नसे, आणि त्याबद्दल छडी मिळे. तरी माणूस मायाळू. उपाशी आलेलं पोर त्यांना चेहऱ्यावरून कळे, आणि आपल्या वाटणीचे गूळपोहे ते निमूट त्याच्यापुढे सरकवीत.

एकदा माझ्या शेजारी बसणाऱ्या सदूचे वडील आले. "पोराला ताप येऊन गेलाय. चार दिवस दुपारची सुटी द्यावी."

"अहो, आपले चिरंजीव लोणी आहेत हे आधी सांगायचंत. शिंक्यावर ठेवले असते!"

वडील ओशाळून हसले आणि गेले. आम्हीही हसलो.

त्याच दुपारी सदू औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणायला उभा राहिला. "सहा औटे एकवीस," म्हणाला आणि थांबला.

"सात औटे?"

सदू धूळपाटीवर कोसळला. सोंग समजून पंतोजींनी छडी उचलली. मग त्याच्या कपाळाला हात लावला आणि छडी टाकून दिली. पागोटं सोडून हौदात भिजवलं, सदूला त्यात गुंडाळलं आणि त्याच्या घराकडे धावत सुटले. त्यांचं टक्कल आम्ही पहिल्यांदाच पाहिलं; हसलं कुणी नाही. दिवेलागणीपूर्वी सदू गेला.

पडवीच्या दारात माठ आला. उन्हाळ्यात दुपारची शाळा बंद झाली. पागोटं मात्र पुन्हा चढलं नाही. भर उन्हात पंतोजी बोडक्या डोक्यानं हिंडत. पोर दिसलं की म्हणत, "आधी पाणी प्या." औटकी सुरू झाली की 'सहा औटे एकवीस'ला हात वर करीत. "आज एवढं पुरे."

मला त्यांची फार दया येई, आणि रागही जात नसे. पुढे मी दफ्तरात कारकुनी केली, केस पिकले. औटकीत सातावर आलो की अजून बोटं मोजतो.