कालवड कुणाच्या वाट्याची

भाऊबंदकी फक्त भावांत असते असं ज्याला वाटतं, त्याने नोटबुर्गा आणि आफ्रा या चुलत बहिणी पाहिलेल्या नाहीत. टिरोलच्या डोंगरात, आमच्या खोऱ्याच्या माथ्यावर जे मोठं कुरण आहे, ते त्यांच्या आजोबांनी दोन मुलांना वाटून दिलं आणि मध्ये दगडी भिंत घातली. भिंतीचा वरचा अर्धा भाग आफ्राच्या घराने राखायचा, खालचा नोटबुर्गाच्या. म्हाताऱ्याला वाटलं, भिंत झाली की भांडण मिटेल. भांडणाला टेकायला जागा झाली, एवढंच.

नोटबुर्गा हाडापेराने दणकट आणि तोंडाने फाटकी. नवरा खाली गावात सुतारकाम करी. जूनमध्ये ती गाई घेऊन वर गेली की सप्टेंबरपर्यंत तो सुखात असे. वर ती पहाटे धार काढी, तांब्याच्या कढईत चीज लावी आणि उरलेल्या वेळात जगाला नावं ठेवी. खाली गोठ्यात पेंड चारून फुगवलेल्या गाईंचं लोणी पांढरं असतं. त्याला ती चुना म्हणे. तिचं लोणी पिवळंधमक, आणि ते मान्य न करणाऱ्याला ती घरात घेत नसे. नोव्हेंबरात म्हातारी गाय कापली की तिची पिवळी चरबी ती खाटकाच्या नाकाखाली धरी. "हे गवत आहे. तू विकतोस ते पोतं." खाटकाने तिला दुकानात यायची बंदी केली होती. मग ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलून जाई.

लोक हे सगळं ऐकून घेत, कारण तिच्याकडे दिलेलं जनावर धडधाकट परत येई. ज्यांना स्वतःचं डोंगरी कुरण नाही ते आपल्या कालवडी उन्हाळ्यापुरत्या या दोघींपैकी एकीकडे सोपवत. कुणाकडे द्यायच्या, हे गाई उतरायच्या दिवशीच ठरे. उन्हाळाभरात एकही जनावर दगावलं नाही, तर कळप फुलांचे मुकुट घालून उतरतो. एक जरी गेलं तरी सगळ्या गाई बोडक्या. मेल्याची बातमी तोंडाने खाली आणणं अशुभ, म्हणून बोडकी डोकी हीच बातमी. ती दिसली की लोक मुकाट्याने टोप्या काढतात आणि ज्याचं जनावर कळपात नसेल तो काय ते समजतो.

बोडक्या उतरलेल्या बाईला पुढच्या वर्षी कालवडी कोण देणार? आणि लोकांच्या कालवडी आल्या नाहीत, तर एवढं कुरण एका घरच्या गाईंनी चरून होत नाही. झुडपं माजतात, गवत मरतं, आणि मग वर जायचं कारणच उरत नाही. वर गेली नाही तर नोटबुर्गाकडे नवऱ्याशी भांडण्याखेरीज आयुष्यात काही उरलं नसतं.

मागे एकदा आफ्रा बोडकी उतरली होती. सगळं गाव टोप्या हातात घेऊन उभं होतं आणि नोटबुर्गाने मोठ्याने विचारलं, "आफ्रे, फुलं महाग झाली का गं?" कुणी हसलं नाही. आफ्रा तेवढं विसरली नाही.

त्या उन्हाळ्यात आफ्राकडे कास्सियानची कालवड होती. कास्सियान म्हातारा, एकटा. त्याची दुभती गाय गेल्या हिवाळ्यात गेली होती. मागे राहिली ती तिची ही कालवड, फाल्की. तिला त्याने रस्त्याकडेचं गवत कापून वाढवलं होतं.

ऑगस्टअखेर वादळ झालं आणि भिंतीचे दगड ढासळले. खालच्या भागात, म्हणजे नोटबुर्गाच्या.

"तुझे दगड पडलेत," आफ्रा पलीकडून ओरडली.

"तुझ्या गाईंनी अंग घासून पाडलेत. ज्याने पाडले त्याने रचावेत."

"वादळाने पाडलेत."

"मग वादळाला सांग."

एका दुपारचं काम होतं. नोटबुर्गाला ते पक्कं ठाऊक होतं. तिचा बाप असता तर संध्याकाळच्या आत रचून मोकळा झाला असता. ती रोज त्या खिंडारावरून हात मागे बांधून जाई आणि आफ्रा बघतेय ना, एवढं पाही.

उतरायच्या आदल्या आठवड्यात फाल्की त्या खिंडारातून अलीकडे आली. नोटबुर्गाच्या बाजूला गवत थेट घळीच्या काठापर्यंत आहे, आणि काठावरचंच सगळ्यात कोवळं. दोघी धापा टाकत पोचल्या तेव्हा कालवड खूप खाली पडली होती आणि हलत नव्हती. तिथवर माणूस उतरू शकत नाही.

"तुझ्या गवतावर मेली," आफ्रा म्हणाली.

"तुझ्या राखणीतली होती."

"तुझ्या भिंतीतून आली."

"जनावरं सांभाळता येत नसतील तर कोंबड्या पाळ. माझ्या कळपात एकही कमी नाही. मी फुलं बांधणार."

"मग मीही बांधणार. माझ्या कुरणात कुणी मेलेलं नाही."

नोटबुर्गाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि आफ्रासमोर खाली बघणं वेगळं. तिने देवदाराच्या डहाळ्या तोडल्या, कागदी गुलाब बांधले, आणि मनाशी म्हणाली, ऐनवेळी आफ्राच कच खाईल. पलीकडे आफ्राही हेच म्हणत गुलाब बांधत होती.

उतरायच्या दिवशी दोन्ही कळप एकामागोमाग चौकात आले. एकूण एक गाईच्या डोक्यावर मुकुट. बँड वाजला, लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी दोघींच्या हातात दारूचे पेले दिले. त्या गर्दीत कास्सियान धुतलेला सदरा घालून उभा होता, मुठीत फाल्कीसाठी मीठ.

त्याने आफ्राचा कळप पुढून मागे पाहिला. मग मागून पुढे पाहिला. मग तो हसत नोटबुर्गाकडे आला. "तुझ्यात मिसळली वाटतं आमची."

नोटबुर्गाने पेला तोंडाला लावला. तो तिच्या गाईंमधून वाट काढत हिंडू लागला.

"सांग त्याला," आफ्रा दातओठ खात पुटपुटली.

"तू सांग. तुझ्याकडे दिली होती."

"भिंत तुझी. तू सांग."

"फुलं बांधताना नाही आठवलं सांगायचं?"

"तुला आठवलं?"

कास्सियान परत आला. चेहऱ्यावर काळजी नव्हती. कशाला असेल, दोन्ही कळपांवर फुलं होती. "मागे रेंगाळली असेल," तो म्हणाला. "तिची आई पण अशीच होती, प्रत्येक गवताला तोंड लावत चालायची. तुम्ही दमलात पोरींनो, बसा. मीच आणतो." आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. शेवटचं घर ओलांडताच त्याने फाल्कीच्या नावाने हाक मारली. मग दुसरी.

आफ्रा जागची हलली नाही. नोटबुर्गाने तिला एक शिवी हासडली, पेला तिच्या पायाशी फेकला आणि चालू लागली. पुढे पळत गेली.

"काका, थांब. वर नाहीये ती."

"मग कुठंय?"

"घळीत पडली. माझी भिंत ढासळली होती. मी रचली नाही."

"लागलंय फार?"

"मेली, काका. आठवडा झाला."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग तिच्या खांद्यावरून खाली चौकाकडे, जिथे बँड अजून वाजत होता आणि पोरं गाईंच्या मुकुटातले गुलाब ओढत होती. तो रागावला असता तर नोटबुर्गाने निभावून नेलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला उपजत येत होतं. पण म्हाताऱ्याला नुसतं कळेनासं झालं होतं.

"मग ती फुलं कशाची गं?" त्याने विचारलं.