यमआबांचा लाल साबण

यमआबांच्या हाताला कायम लाल साबणाचा वास यायचा. दिवसाला वीस-वीस उंदरांच्या माना मोडणाऱ्या माणसाचे हात इतके स्वच्छ असतील असं कुणाला वाटलं नसतं. जळगावच्या आमच्या औषधशास्त्राच्या महाविद्यालयात प्राण्यांची खोली त्यांच्या ताब्यात होती. माणूस मूळचा धुळ्याकडचा. नाव पोरांनी ठेवलेलं, पण त्यांना त्याचा राग नव्हता. "यमले बी रविवारनी सुट्टी ऱ्हास," म्हणत ते शनिवारी खोलीला कुलूप लावायचे.

मी तिथे पीएच.डी. करत होतो. चीनमध्ये एका मुळीचा काढा संधिवातावर देतात. तो पोटात गेला की सुजलेल्या सांध्यातली सूज पेटवणारी जनुकं शांत होतात का, हे मला पाहायचं होतं. पांढऱ्या उंदराच्या गुडघ्यात सूज आणणारं द्रव्य सुईने टोचायचं. गुडघा बोरासारखा टरारून फुगायचा, उंदीर पाय ओढत फिरायचा. निम्म्यांना काढा, निम्म्यांना नुसतं पाणी. शेवटी सगळ्यांना मारायचं, गुडघा फोडून आतलं अस्तर खरवडायचं आणि ते लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं. जीव गेला की जनुकांचं काम काही मिनिटांत बदलतं, म्हणून घाई.

आबांना घाई मान्य नव्हती. ते एक उंदीर फडक्यात गुंडाळून शेजारच्या खोलीत नेत, एका झटक्यात मान ओढत, साबणाने हात धुवत आणि नवं फडकं घेऊन दुसऱ्याला आणायला जात. एक काढ्याचा, एक पाण्याचा, असं आलटून पालटून. पोरं विचारायची, "आबा, लग्नाला निघालात का एवढे हात धुऊन?" आबा शांतपणे म्हणायचे, "रगतना वास तेले समजस. एकना समोर दुसराले मारं, ते तो पहिलेच मरी जास."

आमवाताने त्यांची बोटं आल्याच्या कंदासारखी वाकडी झाली होती. मान ओढताना उंदरापेक्षा त्यांचाच चेहरा पिळवटायचा. तरी ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मला म्हणायचे, "तुमना हात कच्चा शे, भाऊ. तो तडफडीसन मरी."

माझ्या प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी चाळीस उंदीर मारायचे होते. दोन तासांत आबांचे सहा झाले. त्यांची बोटं आखडत चालली होती, नायट्रोजन उडून चाललं होतं आणि माझ्या गाईडचा तिसरा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "आबा, बाजूला व्हा," आणि सगळे पिंजरे ओळीने टेबलावर मांडले. आबा दारात आडवे उभे राहिले, चौकटीला धरून. म्हणाले, "येसना समोर नको, भाऊ."

मी दार आपटलं. लोकांना मी आजवर वाऱ्याने लागलं असं सांगत आलो. वारा नव्हता. चौकटीवरची त्यांची बोटं मला दिसत होती.

बाहेरून आवाज आला, मी उघडून पाहिलं नाही. यादीत काढ्याचे उंदीर वर होते, म्हणून ते आधी घेतले. पहिल्याची मान नीट ओढली गेली नाही. तो माझ्या अंगठ्याला चावला, मी त्याला टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुढच्यालाही तसंच. उरलेले पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढत होते, किंचाळत होते, एकमेकांचे कान फाडत होते, सुजलेल्या गुडघ्यांनी जाळीवर उड्या घेत होते. पाण्याचे उंदीर शेवटी आले तेव्हा माझा कोट कोपरापर्यंत रक्ताने भिजला होता. मधे एकदाही मी हात धुतले नाहीत.

निकाल झकास आला. काढ्याच्या उंदरांची जनुकं शांत, पाण्याच्या उंदरांची पेटलेली. गाईडने पाठ थोपटली. फक्त आबांनी मारलेल्या सहांत काढ्याच्या आणि पाण्याच्या उंदरांत काहीच फरक नव्हता. मला त्याच क्षणी कळलं. मी मुळीचा गुण मोजलाच नव्हता. मरणाची पाळी यायची वाट बघत कोण किती वेळ भीतीत थांबलं, ते मोजलं होतं. ते सहा नमुने मी 'खराब' म्हणून काढून टाकले. शोधनिबंध छापून आला. मी डॉक्टर झालो.

पेढे द्यायला गेलो तेव्हा दारात सापडलेली आबांची दोन बोटं कायमची निकामी झाली होती. पेढा त्यांनी डाव्या हाताने घेतला. "भाऊ, मना हातले लागू पडी का ती दवाई? खरं शे ना?"

तिथे बोलता आलं असतं. त्या बोटांकडे बघत मी म्हणालो, "खरं आहे, आबा." मुळीच्या उरलेल्या पावडरीचा स्टीलचा डबा त्यांना दिला. ही मुळी यकृताला मारक असते हे मी वाचलं होतं. "थोडी थोडी घ्या," एवढंच बोललो. गुण येईना म्हणून त्यांनी ती वाढवत नेली असणार.

दोन महिन्यांनी ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आबा, काही औषध घेत होता का? खरं सांगा, त्यावर उपचार ठरेल." आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गावनी जडीबुटी, साहेब. दुसरं काही नही खादं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आबा गेले. दहाव्याला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डबा माझ्या हातात ठेवला. "हाऊ डबा तुमना शे. त्यासनी सांगेल व्हतं, धोईसन देजो." मी झाकण उघडलं. आतून लाल साबणाचा वास आला.

आता मी स्वतः गाईड आहे. माझ्याकडची पोरं एका वेळी एकच उंदीर नेतात, दुसऱ्या खोलीत, हात धुऊन. कुणी कारण विचारलं तर मी नियम म्हणून सांगतो. काल तो शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवलं, त्या सहा नमुन्यांच्या आकड्यांसकट. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. ते पत्र लिहायला एक संध्याकाळ पुरली.

दुसरं पत्र अक्कांना लिहायला बसलो तेव्हा आठवलं, त्यांना वाचता येत नाही. म्हणजे तोंडानेच सांगावं लागणार. उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला निघतोय. डबा पिशवीत घातला आहे.