सासऱ्यांचा पासवर्ड

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी फरीदाबाद येथील एका फ्लॅटमधील संगणक, सुरक्षित वायरलेस ॲडॉप्टर बसवून घेण्यासाठी सज्ज करण्यात आला. समारंभास गृहस्वामी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, त्यांच्या दोन्ही मुली आणि थोरलीचा नवरा या नात्याने मी, असे पाचजण उपस्थित होते. जीवितहानी झाली नाही.

त्याचं असं झालं. व्होल्टेजच्या झटक्यात संगणकात इंटरनेटची वायर खोचायची जागा जळून गेली, आणि धाकटीची, म्हणजे माझ्या मेहुणीची, त्याच दिवशी चार वाजता पुण्यातल्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. संगणकावरच द्यायची, फोन खोलीबाहेर ठेवायचा, अशी अट. नवऱ्याचं घर सोडून मेहुणी आईबापांकडे आली ती तिथेच अडकली होती. दोघांच्या गोळ्या, बँक, विजेचं बिल, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल, सगळं तिच्या गळ्यात. नोकरी लागली की ती पुण्याला जाणार होती. म्हणून मी रविवारची झोप सोडून दिल्लीतल्या आर. के. पुरमहून मेट्रोने ॲडॉप्टर घेऊन गेलो. माझ्या त्यागाची नोंद कोणी घेतली नाही, ती इथे घेऊन ठेवतो.

तयारी मेहुणीनेच केली. महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, उघडं होतं ते सगळं बंद केलं. ॲडॉप्टर आधी खोचायचा नाही, आधी त्याचं सॉफ्टवेअर टाकायचं, हे तिने मला दोनदा बजावलं, कारण माझे हात शिवशिवत होते. तिने सीडी घातली, बटण दाबलं आणि पडद्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट आली.

तो फक्त सासऱ्यांना ठाऊक. मंत्रालयात उभा जन्म गोपनीय फायली सांभाळलेला माणूस. पासवर्ड टाइप करायचा असला की ते घरादाराला भिंतीकडे तोंड करून उभं करत. जावयालाही सूट नसे. त्या दिवशीही आम्ही चौघं शहाण्यासारखे कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिलो. मागे टकटक झाली. मग शांतता. पुन्हा टकटक.

"आठवत नाही बुवा," सासरे म्हणाले.

मेहुणीने मागे वळून आधी घड्याळ पाहिलं, मग बापाला. तिने विनवलं, डोळे मिटून आठवा म्हणाली, हवा तर चहा करून देते म्हणाली. सासरे कीबोर्डवर हात ठेवून गाईसारखा चेहरा करून बसले. घाई होती तर काल सांगायचं होतंस, एवढंच बोलले.

मला मात्र रंग चढला. इतकी वर्षं याच माणसाने मला भिंत दाखवली होती. मी समोर खुर्ची ओढून तपासणी सुरू केली. सकाळी नाश्त्याला काय होतं? पोहे. वार कोणता? रविवार. मी कोण? जावई.

"अच्छा! कोणत्या मुलीचा नवरा?"

माझी बायको ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली. मग तीही सरसावली. तिच्या माहितीत स्मृतिभ्रंशाचा एक चांगला डॉक्टर होता, उद्याच नंबर लावू म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरचं पुढचं पुढे, आधी बाबांच्या गळ्यात पत्ता अडकवा. बाजारात हरवले तर कोणीतरी रिक्षात घालून आणून सोडेल. बायकोने पुढे जोडलं की, खाली धाकटीचा फोन नंबर घाला, नाहीतरी सगळं तीच करते.

सासऱ्यांचे कान लाल झाले. ते सासूबाईंकडे पाहत राहिले, आणि मी तेही सोडलं नाही: त्यांना विचारलं, या बाई कोण, ओळखता का?

मेहुणी हसत नव्हती. चारला थोडाच वेळ उरला होता. ती ॲडॉप्टरचं खोकं हातात घेऊन तशीच उभी होती.

सासूबाईंनी शंकरपाळ्यांची बशी टेबलावर अशी आपटली, की निम्मी कीबोर्डवर सांडली.

"विसरायला काय धाड भरलीय त्यांना! मीच सांगितलं होतं, आठवत नाही म्हणा म्हणून."