गोठ्यातली शेळी

नाताळच्या सकाळी माझी मैत्रीण फिलोमिना मला वसईतल्या तिच्या चर्चमधला ख्रिस्तजन्माचा गोठा दाखवायला घेऊन गेली. पाहतो तर मातीच्या मेंढरांमध्ये एक खरीखुरी शेळी शिरलेली, आणि बाळ येशूखालचं गवत निवांत खातेय!

"अगं बाई, बाळाचं अंथरूण संपवलं हिनं!" म्हणत फिलोमिना तिला हाकलायला धावली.

म्हातारे फादर हसले. "राहू दे बाय. त्या गोठ्यात जनावरं आधीपासून होती. पाहुणे आपण."

मला आमच्या गावचं महादेवाचं देऊळ आठवलं. तिथेही देवासमोर पहिला नंदी, आम्ही त्याच्या मागे. मागणंसुद्धा त्याच्या कानात सांगायचं. देवांना जनावरांची सोबत आपल्याआधीची, या विचाराने मला उगीचच आनंद झाला.

तेवढ्यात फादर गवताची नवी पेंढी घेऊन आले. निम्मी त्यांनी बाळाखाली अंथरली आणि निम्मी शेळीपुढे टाकली.