सुलक्षणा परबची दुसरी तपासणी

वाकोल्याची सुलक्षणा परब एकोणीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून टीबीच्या कामात होती. तिने बरेच बिनडोक साहेब पाहिले होते. पण पार्ल्याच्या डॉक्टर देवदत्तइतका आपल्याच साफसूफ हातांच्या प्रेमात पडलेला माणूस तिला भेटला नव्हता.

म्यानमारहून आलेली निर्वासितांची तेवीस कुटुंबं गोवंडीत पत्र्याच्या शेडमध्ये उतरली होती. एक्स-रेची गाडी गल्लीत शिरेना, म्हणून देवदत्तच्या संस्थेने नुसत्या बेडक्याची तपासणी ठेवली. शेजारच्या डम्पिंगच्या कचऱ्याचा वास नको म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या, खोकणारी माणसं आत कोंबली आणि स्वतः बाहेर पंख्याखाली बसला. डब्या वाटल्या. लोक त्यात थुंकले.

"डॉक्टर, ही नुसती थुंकी आहे," सुलक्षणा म्हणाली. सकाळी उपाशीपोटी, उघड्यावर, छातीतून खोकून बेडका घ्यायला हवा, हेही तिने सांगितलं. त्याला मात्र संध्याकाळपर्यंत आकडा द्यायचा होता. आकडा आला: रुग्ण शून्य. पेपरात त्याचा फोटोही झळकला, हातात डबी धरलेला. डबी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सुलक्षणा एकटीच गेली. कोणी पुढे येईना. हमीदा नावाच्या विधवेने मोडक्या हिंदीत विचारलं, नाव लिहून घेतलंस तर परत पाठवतील का?

सुलक्षणा खोटं बोलली नाही. "माझ्या वहीतलं नाव औषधासाठी. सरकारचं मला ठाऊक नाही."

मग कमरेत वाकून तिने स्वतःच खोकून दाखवलं, एवढं की डोळ्यांत पाणी आलं. बायका हसल्या. सगळ्यात आधी हमीदाने डबी घेतली.

तिघांना टीबी निघाला. त्यात हमीदा होती.

देवदत्तचा फोन आला. रिपोर्ट वर गेलाय, आता हे कशाला उकरलंस, म्हणून तो चिडला.

"तुमचा रिपोर्ट खोकत नाही," ती म्हणाली. "हमीदा खोकते."

महिन्याभराने एका सभेत त्याने तेच तीन रुग्ण आपल्या संस्थेने शोधले म्हणून सांगितले. सुलक्षणाला बोलावणं होतं. ती गेली नाही. हमीदाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, त्या पोचवायला गेली.

हमीदाचं वजन सहा किलोंनी वाढलं. दुसरा रुग्णही सुधारला. तिसरा, एक सुतार, पोलिसांच्या भीतीने औषध अर्धवट टाकून कुठे गेला ते कळलं नाही. सुलक्षणाने चार वस्त्या पालथ्या घातल्या. देवदत्तला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या अहवालात तिघंही बरी झाली होती.