कृत्तिकांची मोजणी

लातूर जिल्हा होऊन वर्ष पुरं व्हायचं होतं. तालुक्यांच्या हद्दी बदललेल्या, त्यामुळं नकाशे नव्यानं काढायचं काम एका कचेरीत शिवकांताच्या गळ्यात पडलं होतं. ती ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून उतरवणारी, मूळची उदगीरची. तिची रेघ केसासारखी बारीक.

तिची कीर्ती ऐकून कॉलेजातले अण्णाराव सर दुर्बिणीतून काढलेला कृत्तिकांचा फोटो घेऊन आले. "बाई, या दोन चांदण्यांमधलं अंतर आभाळात छत्तीस मिनिटं आहे. फोटोत किती येतं? मोजून मला याचा नकाशा काढून द्या."

"मिनिटं? घड्याळातली?"

"कोनातली. एका अंशाची साठ."

शिवकांतानं पट्टी लावली. "अठरा मिलिमीटर. मंजी एका मिलिमीटरला दोन मिनिटं."

जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या सात चांदण्या ट्रेसिंग कागदावर उतरवल्या. जितकी तेजस्वी, तितका मोठा ठिपका. खाली लिहिलं, '१ मि.मी. = २ मिनिटं', आणि शाई वाळायला कागद टेबलावर ठेवून ती डबा राखेनं घासायला गेली.

तेवढ्यात टंचाईतल्या गावांना पाण्याचे टँकर पाठवायची बैठक लागली. शिपाई दगडोबानं टेबलावरचे सगळेच नकाशे उचलून कचेरीच्या साहेबांपुढं नेले.

शिवकांता धावत दारात पोचली तेव्हा साहेब खुशीत होते. "पाणी असलेल्या विहिरी सात. मोठा ठिपका, जास्त पाणी. इथून तिथं अठरा मिलिमीटर, म्हणजे टँकरला छत्तीस मिनिटं. नकाशा असा पाहिजे."

"रस्ता खराब हाय साहेब," ड्रायव्हर रामकिशन म्हणाला. "पन्नास तरी लागतील."

शिवकांता पुढं झाली. गप्प बसावं, तर उद्या टँकर निघणार. "साहेब, त्या हिरी न्हाईत. चांदण्या हायत."

साहेबांनी कागद उजेडाकडं धरला. "कोणत्या तालुक्यातल्या?"

"आभाळातल्या, साहेब."

साहेबांनी कागद तिला परत दिला. मग म्हणाले, "विहिरींचा असाच काढा. उद्यापासून."

आठ दिवस ती रामकिशनच्या टँकरमधून गावोगाव फिरली, दोर सोडून विहिरींतलं पाणी मोजलं. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला; ज्या गावाचा ठिपका बारीक, तिथं टँकर जायचा. तो पाहायला एका गावाहून भामाबाई आल्या.

"आमच्या हिरीचा ठिपका बारीक कर की, पोरी. टँकर तरी येईल."

"असं करता येत न्हाई, मावशी. मोजावं लागतं."

दुसऱ्या दिवशी शिवकांता त्या गावी मोजायला खरंच गेली. पाणी उतरलं होतं; दोर मागच्यापेक्षा हातभर जास्त सोडावा लागला. कचेरीत परतून तिनं ब्लेडनं ठिपक्याच्या कडेची शाई खरवडली आणि टँकरच्या यादीत त्या गावाचं नाव चढवलं.